गो, वेंट, गॉन!

पाचवीच्या इंग्रजीच्या पुस्तकामागे तीन रकान्यांचा तक्ता असायचा आणि तो आम्ही पाढ्यांसारखा घोकायचो. डू-डिड-डन, ईट-एट-ईटन, सिंग-सँग-संग. चालीवर म्हटलं की सगळं सुरळीत जायचं, आणि मग यायचं ते गो-वेंट-गॉन. इथे माझी गाडी दरवेळी अडायची. डू आणि डिड निदान भावंडं वाटतात. पण 'गो'मधला एक ध्वनी तरी 'वेंट'मध्ये सापडतो का? बाईंना विचारलं तर उत्तर मिळालं, "ते तसंच असतं, पाठ कर."

पाठ केलं. पण 'ते तसंच' का असतं याचं उत्तर आहे, आणि ते फार रंजक आहे. तक्त्यातल्या त्या आडमुठ्या भूतकाळी रूपांमागे घरफोडी आहे, पळवापळवी आहे, एका डॅनिश माणसाची वामकुक्षी आहे, आणि आपली मराठीही आहे.

पळवून आणलेला भूतकाळ

'वेंट' मुळात 'गो'चं नाहीच. ते 'वेंड' या वेगळ्याच क्रियापदाचं भूतकाळी रूप. सेंडचं सेंट, लेंडचं लेंट, बेंडचं बेंट, स्पेंडचं स्पेंट, तसंच वेंडचं वेंट. बघा, किती शहाण्यासारखं नियमात बसतं! 'वेंड' म्हणजे वळणं, वाट धरणं. भटकणं या अर्थाचा 'वाँडर' आणि गुंडाळणं या अर्थाचा 'वाइंड' ही त्याचीच भावकी.

मग 'गो'चा स्वतःचा भूतकाळ कुठे गेला? जुन्या इंग्रजीत तो होता, साधारण 'एओदे' असा. तोही 'गो'शी जुळत नव्हता, म्हणजे या क्रियापदाचं नशीब आधीपासूनच उसनवारीचं. पुढे 'एओदे' झिजत झिजत ओळखू येईनासा झाला आणि पंधराव्या शतकाच्या सुमारास दक्षिण इंग्लंडातल्या लोकांनी वेंडचा भूतकाळ उचलून गोच्या घरात आणून ठेवला. स्कॉटलंडने मात्र हे ऐकलं नाही. तिथे 'गो'लाच प्रत्यय लावून 'गेड' असं रूप केलं गेलं आणि ते स्कॉट्स बोलीत टिकलं.

बिचाऱ्या 'वेंड'चं काय झालं? त्याचा भूतकाळच गेल्यामुळे त्याला नवा शिवून घ्यावा लागला: 'वेंडेड'. आज वेंड फक्त 'रमतगमत वाट काढणे' अशा एखाद्या ठेवणीतल्या वाक्प्रचारात भेटतो. त्याचा जुना अंगरखा मात्र जगभरातले इंग्रजी बोलणारे रोज वापरतात.

हे फक्त इंग्रजांचं नाही

फ्रेंच माणूस 'मी जातो' म्हणताना एक धातू वापरतो, 'मी जाईन' म्हणताना दुसरा, आणि 'गेलो' म्हणताना तिसरा. जाण्याच्या एका क्रियेसाठी तीन घरांतून भांडी! त्यातल्या 'गेलो'साठीच्या रूपाचा उच्चार चक्क 'आले' असा होतो. मराठी कानाला गंमत वाटते, पण तो निव्वळ योगायोग, नातं काही नाही. स्पॅनिशमध्ये तर 'फुए' म्हणजे 'तो गेला' आणि 'फुए' म्हणजेच 'तो होता'. कोणता अर्थ घ्यायचा ते पुढचं-मागचं वाक्य सांगतं.

आता आपल्या घरात बघू. मी जातो. तू जातोस. ती जाते. आणि काल? तो गेला. ज कुठे गेला? ग कुठून आला?

जन्मभर मराठी बोलूनही हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. 'जाणे' आलं संस्कृत 'या' या धातूवरून. योगीचा जोगी, यात्रेची जत्रा, तसा 'याति'चा 'जातो'. आणि 'गेला' आला 'गम्' या दुसऱ्याच धातूच्या 'गत'पासून. प्राकृतात 'गत'मधला त गळाला, मागे 'इल्ल' हा प्रत्यय चिकटला आणि घासून घासून 'गेला' तयार झालं. म्हणजे जा-गेला ही जोडी गो-वेंटइतकीच विजोड आहे. पाचवीत आम्ही ज्याला हसत होतो, ते दिवसातून पन्नास वेळा स्वतःच करत होतो!

त्या 'ल'चं गोत्र आणखी मोठं आहे. बंगाली, ओडिया, असमिया या पूर्वेकडच्या भाषांतही भूतकाळाला ल लागतो. हिंदीचा 'गया' मध्ये आडवा येतो, पण कोलकात्याला पोचलात की 'तो गेला'साठी गेलो-गॅलोसारखा शब्द पुन्हा कानावर पडतो. आणि इतकं लांब तरी कशाला जायचं? गोव्यात कोकणीत आणि सिंधुदुर्गात मालवणीत 'तो गेलो' असंच म्हणतात. पुण्याच्या माणसाने ऐकलं तर क्षणभर वाटावं, हा स्वतःबद्दल बोलतोय की दुसऱ्याबद्दल?

एका बाबतीत मात्र इंग्रजीने आपल्यावर मोठी मेहेरबानी केली आहे. मराठीत मी गेलो, मी गेले, तू गेलास, तू गेलीस, तुम्ही गेलात, तो गेला, ती गेली, ते गेलं, त्या गेल्या. मोजली तर वेगवेगळी नऊ रूपं. इंग्रजीत या सगळ्यांना मिळून एकच, वेंट. माणूस असो, म्हैस असो की मालगाडी, एक असो की हजार. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाची मला या जागी फार कणव येते. आणि शिवाय त्याला हेही शिकावं लागतं की "आजोबा सकाळी गेले" हे वाक्य आवाज खाली आणून म्हटलं, तर आजोबा फिरायला गेलेले नसतात.

वॉज म्हणजे वस्ती

जाण्यापेक्षाही जास्त वापराचं क्रियापद म्हणजे असणं. तिथे इंग्रजीने कमालच केली आहे. बी, ॲम, इज, वॉज. एका क्रियापदाची ही रूपं आहेत यावर कोणाचा विश्वास बसेल?

पण संस्कृतचा चष्मा लावला की धुकं विरतं. 'बी' म्हणजे आपला 'भू', ज्यापासून भवति आणि पुढे आपलं 'होणे' आलं. 'ॲम' म्हणजे अस्मि, 'इज' म्हणजे अस्ति. आणि 'वॉज'? तो 'वस्', म्हणजे राहणे. निवासातला वास, गावाबाहेरची वस्ती आणि इंग्रजीतला 'वॉज' एकाच आजोळचे. "आय वॉज इन पुणे" म्हणताना आपण मुळाशी जाऊन "मी पुण्यात वसलो होतो" असं म्हणत असतो, हे कळल्यापासून तो शब्द मला परका वाटेनासा झाला.

इथेही मराठी मागे नाही. आपलं 'होणे' भू धातूचं, पण त्याचा भूतकाळ 'झाला' आला 'जात'पासून. जात म्हणजे जन्मलेला, जन् धातूचं रूप. जुन्या मराठीत तो 'जाला', 'जाहला' असा दिसतो. म्हणजे "काय झालं?" या प्रश्नात मुळाशी "काय जन्मलं?" दडलेलं आहे. इंग्रजीने जी दोन क्रियापदं उसन्या भूतकाळावर चालवली, 'जाणं' आणि 'होणं-असणं', नेमकी तीच दोन मराठीनेही चालवली. एकमेकींना न विचारता.

दुपारची डुलकी आणि वेदातले स्वर

या फीचरमधली माझी सगळ्यात लाडकी गोष्ट आता.

आय वॉज, पण वी वेअर. एकात शेवटी 'ज', म्हणजे मूळचा स. दुसऱ्यात र. स चा र कशाने झाला? याकोब ग्रिम, परीकथावाल्या ग्रिम बंधूंपैकी थोरला, याने 1822 मध्ये जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या घराण्यातल्या भाषांतल्या व्यंजनबदलांचे नियम मांडले होते. पण त्या नियमांना न जुमानणारे शब्द ढिगाने होते आणि पन्नासेक वर्षं विद्वान त्यांच्यापुढे हात टेकून बसले होते.

मग कार्ल व्हर्नर नावाच्या डॅनिश तरुणाला एका दुपारी झोप हवी होती. अशी हकीकत सांगतात की, डोळा लागावा म्हणून त्याने फ्रान्झ बॉपचं तौलनिक व्याकरणाचं जाडजूड पुस्तक हातात घेतलं. पान उघडलं, तर समोर संस्कृतचे पितृ आणि भ्रातृ हे शब्द, स्वरचिन्हांसकट. एकात आघात शेवटी, दुसऱ्यात सुरुवातीला. आणि या दोन शब्दांच्या जर्मानिक भावंडांत मधलं व्यंजन वेगवेगळं निघतं, हे त्याला माहीत होतं. झोप उडाली!

त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ज्या शब्दांत जुना आघात व्यंजनाच्या लगेच आधी होता तिथे व्यंजन कठोर राहिलं, आणि जिथे आघात दुसरीकडे होता तिथे ते मऊ पडलं. मऊ पडलेला स पुढे र झाला. जर्मानिक भाषांतून तो जुना आघात केव्हाच पुसला गेला होता. तो नेमका कुठे होता हे सांगणारा साक्षीदार होता वैदिक संस्कृत, कारण वेद पाठ करणाऱ्यांनी उदात्त-अनुदात्त जसेच्या तसे जपले होते. ऋग्वेदाच्या छापील प्रतीत अक्षरांच्या वर आणि खाली ज्या बारीक रेघा दिसतात, त्याच या.

आता 'वॉज'चा भाऊ 'वस्' घ्या. वैदिक भूतकाळात 'तो राहिला' म्हणजे उवास, आणि 'ते राहिले' म्हणजे ऊषुः. एकवचनात आघात धातूवर, अनेकवचनात प्रत्ययावर. म्हणून इंग्रजीत एकवचनाचा स टिकला, वॉज. अनेकवचनाचा र झाला, वेअर. व्हर्नरचा लेख 1877 मध्ये छापून आला आणि भाषाशास्त्राचं वळणच बदललं.

पिढ्यान् पिढ्या मांडी घालून, मान आणि हात हलवत स्वर सांभाळणाऱ्या वेदपाठकांना कल्पनाही नसेल, की वॉज आणि वेअरची किल्ली आपल्या कंठात आहे. मला हे वाचल्यावर अंगावर काटा आला होता, आणि आत्ता लिहितानाही येतो.

याच स-र च्या अदलाबदलीतून आणखी एक जोडी निघते. हरवणं या अर्थाचा 'लूज', आणि एकाकी-उदास या अर्थाचा 'फॉरलॉर्न'. फॉरलॉर्न म्हणजे मुळात 'पार हरवलेला'.

झाड पडलं की पाडलं?

सिंग-सँग-संग, ड्रिंक-ड्रँक-ड्रंक. आतला स्वर बदलला की काळ बदलला. ही युक्ती इंग्रजीच्याही आधीची, हजारो वर्षं जुनी. संस्कृत व्याकरणातला गुण-वृद्धीचा खेळ याच घराण्यातला.

मराठीत स्वर बदलून काळ बदलत नाही, पण काम कोणी केलं ते बदलतं. पडणे-पाडणे, मरणे-मारणे, चरणे-चारणे, तुटणे-तोडणे. झाड आपसूक पडतं, पण कोणीतरी ते पाडतं. इंग्रजीतही ही जोडी आहे आणि ती नेमकी झाडाचीच आहे: झाड आपणहून 'फॉल' होतं आणि लाकूडतोड्या ते 'फेल' करतो. सिट-सेट, राइज-रेज याही तशाच जोड्या. आणि ज्याचा भूतकाळ पळवला गेला तो वेंडसुद्धा असाच आहे: 'वाइंड' म्हणजे वळणं, 'वेंड' म्हणजे मुळात वळवणं.

गोंधळ एकच. फॉलचा भूतकाळही 'फेल' असाच. त्यामुळे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेल्या पिढ्यांनाही 'फेल' आणि 'फेल्ड' यांतला फरक बोटावर मोजून आठवावा लागत असणार.

'एड' म्हणजे 'केलं'

वॉक-वॉक्ड, प्ले-प्लेड, वॉश-वॉश्ड. हे गुणी विद्यार्थी. यांच्या शेवटी लागणारा ड आला कुठून?

भाषाशास्त्रात यावर वाद झडले, पण सर्वाधिक मानलं जाणारं उत्तर असं, की तो 'डिड' आहे. म्हणजे कोणे एके काळी लोक 'चालणं-केलं', 'धुणं-केलं' असं काहीतरी म्हणत असत आणि बोलण्याच्या ओघात 'केलं' झिजून शेपटाएवढं उरलं. इंग्रजीची फार जुनी चुलती गॉथिक, तिच्यातलं बायबलचं भाषांतर चौथ्या शतकातलं. त्यात अनेकवचनी भूतकाळाला 'देदुम' अशी शेपटी दिसते. 'देदुम'मध्ये 'डिड' स्पष्ट ऐकू येतो. आणि हा 'डू' स्वतः कोण? संस्कृत 'धा', ठेवणे.

तुम्ही म्हणाल, आज असं कोण बोलतं? आपण! फोन केला, मेल केला, फॉरवर्ड केला, डिलीट केला, ब्लॉक केला. परकं क्रियापद आलं की मराठी त्याला सरळ भूतकाळात नेत नाही. त्याला मागे एक 'केला' जोडते आणि कामाला लावते. जर्मानिक बोलणाऱ्यांनी दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी जे केलं असावं, ते आपण रोज मोबाइल हातात धरून करतो आहोत. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेल्या मराठी ओळींतही क्रियापद भेटतं ते करण्याच्याच घरचं, 'करवियलें'.

थोडे फुटाणे

कट, पुट, हिट, शट. काल, आज, उद्या एकच रूप. कारण शेवटचा ट. भूतकाळाचा ट-ड त्यातच मिसळून गेला आणि पुन्हा वेगळा झालाच नाही. आमच्या वर्गात हे चार शब्द सगळ्यांचे आवडते होते, त्यामागचं कारण सांगायला नको.

'कुड'च्या स्पेलिंगमध्ये एल का आहे? वुड आणि शुडमध्ये आहे म्हणून! त्या दोघांत तो हक्काचा, कारण विल आणि शॅल या मूळ शब्दांत एल आहे. कॅनमध्ये कुठे आहे? जुन्या इंग्रजीत कुडला एल नव्हताच. पंधराव्या-सोळाव्या शतकांत शेजाऱ्यांकडे बघून तो घातला गेला, आणि तेव्हापासून कोणी उच्चारत नसतानाही मुलं तो लिहून गुण वाचवतात.

'ऑट' म्हणजे 'करायला हवं'. तो 'ओ' म्हणजे देणं लागणं, याचा जुना भूतकाळ. कर्तव्य म्हणजे देणं, ही समजूत आपल्याला नवी नाही. आपण 'ऋण' म्हणतो.

'रॉट आयर्न'चं गेट म्हणतात, त्यातला रॉट हा 'वर्क'चा जुना भूतकाळ, म्हणजे घडवलेलं लोखंड. 24 मे 1844 रोजी सॅम्युएल मोर्सने वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला जो गाजलेला तारसंदेश पाठवला, त्याचा शेवटचा शब्द हाच होता. आज घरोघरी जिन्याच्या कठड्याच्या नावात तो उरला आहे.

सगळी वाकडी रूपं जुनीच असतात असंही नाही. 'डिग'चं 'डग' तुलनेने नवं. 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये 'डिग्ड' आहे. 'स्नीक'चं 'स्नक' तर अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात निघालं आणि आता मूळच्या 'स्नीक्ड'ला मागे रेटतं आहे. 'कॅच' हा तर फ्रेंच पाहुणा, नॉर्मन लोकांबरोबर आलेला. पण इंग्रजीने त्याला घरच्या मुलासारखं वागवून 'कॉट' बनवलं. चांगला सरळ चालणारा पाहुणा घरी आला आणि घरच्यांसारखा वाकडा चालायला लागला!

उलटी चालही आहे. बेसबॉलमध्ये उंच उडालेल्या चेंडूला 'फ्लाय' म्हणतात. तो झेलला जाऊन फलंदाज बाद झाला तर तो 'फ्लू आउट' होत नाही, 'फ्लाइड आउट' होतो. कारण हे क्रियापद उडण्यावरून थेट आलेलं नाही, मैदानावरच्या त्या नामावरून आलं आहे. नामावरून नवं क्रियापद बनलं की जुनी वाकडी चाल त्याला वारशात मिळत नाही.

आणि 'हँग'. भिंतीवर चित्र टांगलं तर 'हंग', माणसाला फाशी दिली तर 'हँग्ड'. मुळात ही दोन वेगळी क्रियापदं होती. ती एकमेकांत मिसळली आणि जुनं रूप कोर्टाच्या भाषेने धरून ठेवलं. आपल्याकडे 2024 पर्यंत लागू असलेल्या 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 354 मध्ये फाशीच्या शिक्षेच्या शब्दांत हेच 'हँग्ड' होतं. कायद्याची भाषा सहसा बदलत नाही, आणि या जागी ती बदलू नये असंच मला वाटतं. माणसाला आणि चित्राला एकच शब्द नको.

आय डिड नॉट वेंट

या चुकीबद्दल वर्गावर्गातून बोलणी खाल्ली गेली आहेत, तर तिची बाजूही मांडायला हवी. मराठीत आपण 'गेलो' म्हणतो आणि नकारात 'गेलो नाही'. भूतकाळ होता तिथेच, 'गेलो'त. शेजारी फक्त नाही येऊन बसतं. म्हणून मराठी मन वेंटला हात लावत नाही आणि पुढे 'डिड नॉट' ठेवतं.

इंग्रजीची रीत वेगळी. तिथे एका वाक्यात भूतकाळाचं ओझं एकानेच वाहायचं. डिडने ते खांद्यावर घेतलं की वेंट मोकळा होऊन पुन्हा गो होतो. आणि ही 'डिड'ची मध्यस्थीसुद्धा फार पुरातन नाही. शेक्सपिअरच्या काळात लोक दोन्ही प्रकारे बोलत. 'मला माहीत नाही' हे डूच्या मदतीशिवाय, नुसतं क्रियापदापुढे नॉट ठेवूनही म्हणत. आपल्यासारखंच.

झिजायला किती वर्षं लागतात?

2007 मध्ये हार्वर्डच्या काही संशोधकांनी 'नेचर' या नियतकालिकात एक भन्नाट हिशेब मांडला. त्यांनी जुन्या इंग्रजीतली 177 अनियमित क्रियापदं घेतली आणि त्यांचा माग काढला. मध्ययुगीन इंग्रजीत त्यांतली 145 अनियमित उरली. आज 98. बाकीची सगळी 'एड'ला शरण गेली. 'हेल्प'चा भूतकाळ पूर्वी 'होल्प' असा काहीसा होता, हे आज कोणाला खरंही वाटणार नाही.

पण कोण टिकलं आणि कोण पडलं, यात एक शिस्त निघाली. एखादं क्रियापद दुसऱ्यापेक्षा शंभर पट कमी वापरात असेल, तर ते दहा पट वेगाने नियमित होतं. किरणोत्सारी पदार्थासारखं प्रत्येक गटाचं अर्धआयुष्यच त्यांनी काढलं. 'बी' आणि 'हॅव' यांच्या गटाचं आलं 38,800 वर्षं. गो, डू, से, सी यांच्या गटाचं 14,400. आणि पुढचा बळी कोण, याचं भाकीतही केलं: लग्न करणे या अर्थाचा 'वेड'. त्याचा भूतकाळ आज 'वेड'ही चालतो आणि 'वेडेड'ही.

म्हणजे वापराने वस्तू झिजते हा आपला अनुभव शब्दांना उलटा लागू पडतो. जो शब्द रोज तोंडात असतो तो दुरुस्त करायला कोणाला सवडच मिळत नाही. इंग्रजीत सर्वाधिक वापरली जाणारी दहा क्रियापदं घ्या, दहाच्या दहा अनियमित. आणि मराठीत? बसला, उठला, धावला, हसला, चढला, उतरला, सगळे सरळ. पण कर-केला, जा-गेला, ये-आला, हो-झाला, दे-दिला, घे-घेतला, खा-खाल्ला, पी-प्याला, धू-धुतला, सांग-सांगितला. येणं-जाणं, खाणं-पिणं, देणं-घेणं. संसार चालतो तो या वाकड्या क्रियापदांवर. 'कर-केला' आणि 'मर-मेला' यांतली यमकं योगायोगाची नाहीत: कृतचा केला, मृतचा मेला, गतचा गेला, तिघांची घडण एकाच साच्यातली.

मी करलं!

आमच्या घरातली भाची अडीच वर्षांची होईपर्यंत "मी केलं" असं छान म्हणायची. मग एके दिवशी "मी करलं" सुरू झालं. "मी सगळं करलं." घरात काळजीचा सूर उमटला, पोरीची भाषा बिघडली की काय. खरं तर भाषा सुधारत होती! आधी ती ऐकलेला शब्द जसाच्या तसा म्हणत होती. आता तिला नियम सापडला होता. बसला, उठला, पडला, मग 'करला' का नाही? इंग्रजी मुलंही हुबेहूब हेच करतात. आधी 'वेंट', मग काही महिने 'गोड', आणि मग पुन्हा 'वेंट'.

नियम खरोखर डोक्यात असतो, हे जीन बर्को या संशोधिकेने 1958 मध्ये फार सुंदर रीतीने दाखवलं. तिने मुलांना जगात नसलेले शब्द दिले. या माणसाला 'ग्लिंग' करता येतं, त्याने कालही तेच केलं, तर काल त्याने काय केलं? मुलं म्हणाली, 'ग्लिंग्ड'. कोणी कधी न उच्चारलेलं रूप! मोठ्यांना मात्र सिंग-सँग आठवत होतं, त्यांच्यातून 'ग्लँग' निघायचं.

1986 मध्ये डेव्हिड रुमेलहार्ट आणि जेम्स मॅक्लेलंड यांनी हाच धडा संगणकाला दिला. नियम एकही सांगितला नाही. एकूण 506 क्रियापदं घेतली, त्यांतल्या 420 वर मेंदूच्या पेशींसारख्या जाळ्याला शिकवलं आणि उरलेली 86 परीक्षेला ठेवली. जाळं बऱ्याच अंशी शिकलं, मुलांसारख्या चुकाही करायला लागलं. दोन वर्षांनी स्टीव्हन पिंकर आणि ॲलन प्रिन्स यांनी त्याच्या उत्तरपत्रिकेतल्या अशा चुका दाखवल्या, ज्या कोणतंही मूल करणार नाही. 'मेल'चा भूतकाळ त्याने 'मेंबल्ड' असा सांगितला होता! नियम डोक्यात असतात, की उदाहरणांतूनच सगळं जमतं, यावरचा तो वाद वर्षानुवर्षं चालला. आज यंत्रं आपल्याशी मराठीत गप्पा मारतात. त्यांच्या मागेही अशीच, पण प्रचंड मोठी जाळी आहेत. त्यांच्या पूर्वजाची परीक्षा 'वेंट'सारख्या शब्दांवर झाली होती.

भाचीचं 'करलं' चार-पाच महिने टिकलं. ते कधी गेलं, कोणाच्या लक्षातही आलं नाही, आणि मी ते कुठे रेकॉर्डही करून ठेवलं नाही याची मला रुखरुख आहे. आता ती साडेचार वर्षांची आहे. परवा माझा फोन तिच्या हातात होता. धावत आली आणि छाती पुढे काढून म्हणाली, "मामा, तो फोटो हलला होता ना, मी डिलीट केला."